चाखणीचा रविवार

वकिलांनी बॅग टेबलावर ठेवली नाही, मांडीवर ठेवली, तेव्हाच वहिनींनी ओळखलं की भाडेकराराचे कागद आज बरोबर आणलेत. बॅगेत नुसतं वर्तमानपत्र असलं की हा माणूस ती कुठेही भिरकावतो.

"चहा टाकू का भावजी?"

"चाखणीच्या आधी चहा नाही, वहिनी. अण्णांचा नियम."

"नियम सगळे पाठ आहेत तुम्हाला. दहाला बसायचं हाही त्यातलाच एक," वहिनी म्हणाल्या आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे न बघता हात पुसायला लागल्या. सव्वादहा वाजून गेले होते.

वर्षअखेरच्या सुट्ट्या सहा आठवड्यांवर आल्या की दुकानामागच्या कारखान्यात हा रविवार उजाडायचा. सुट्ट्यांत लोक एकमेकांकडे भेटीचा डबा घेऊन जात, आणि त्या डब्याच्या सहा खणांत काय भरायचं ते घरातल्यांनी आज ठरवायचं. संगमरवरी ओट्यावर नऊ ताटल्या, प्रत्येकीपुढे आकडा. चाखणाऱ्याला सहा बदाम मिळत, आवडलेल्या ताटलीत एकेक टाकायचा. कोणत्या ताटलीत कोणाच्या हातचं आहे, त्या चिठ्ठ्या बंद पाकिटात. अण्णांनी मुलांना धंदा शिकवताना हे बसवून दिलं होतं. नाव कळलं की जीभ लबाडी करते, असं त्यांचं मत होतं. स्वतःच्या मुलांची त्यांना चांगली पारख होती.

या वेळी बदामांना जरा जास्तच वजन आलं होतं. एके काळी नऊशे डबे जात. गेल्या वर्षी चारशे गेले आणि त्यातलेही निम्मे सवयीने. गेल्याच महिन्यात, याच ओट्याशी, वकील स्पष्ट बोलले होते: चाखणीच्या दिवशी सगळ्यांना पटेल असा डबा ठरला तर ठीक, नाहीतर जागा चष्मेवाल्याला भाड्याने. दादा यावर 'बघू' म्हणाले होते. दादांचं 'बघू' म्हणजे नकार नसतो, नुसता हातपाय गाळणं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात वहिनींनी त्याची पुरती खात्री करून घेतली होती.

यात सगळ्यात जास्त कोणाचं जाणार होतं? सुनेचं. औषधांच्या दुकानातली बरी नोकरी सोडून ती सहा महिन्यांपूर्वी इथे येऊन उभी राहिली होती. येताना हौसेने साखरेच्या पाकाचा थर्मामीटर आणला होता. दादांनी तो दोन्ही हातांनी स्वीकारला आणि दाराशी खिळ्याला टांगला. "कारखान्यात किती उकडतंय ते कळायला बरा," म्हणाले. सुनेने तेही हसून घेतलं. गोळ्या मोजायला परत जायची तयारी नसलेलं माणूस बरंच काही हसून घेतं.

डब्यात बाहेरचंही चांगलंचुंगलं असावं, ही कल्पना तिचीच. "गावोगावी लोक घरात काय काय करतात बाबा! आपण शोधायचं आणि आपल्या डब्यातून पोचवायचं." दादा म्हणाले होते, "चाखायला काय जातं?" त्यांना वाटलं होतं काहीच जात नाही.

मग दर शनिवारी ती पिशवी घेऊन निघाली. निवृत्त पोस्टमनचा मध मिळाला; तो प्रत्येक बाटलीवर मधमाश्यांचा पत्ता लिहितो, म्हणजे कुठल्या झाडांचा तो. शाळेच्या नर्सने बरणीत मुरवलेले पेअर मिळाले. एका न्हाव्याचे भाजके अक्रोड मिळाले. ते द्यायला तो तयार होता, कृती विचारली तर "आधी केस कापून घ्या, मग बोलू" म्हणाला. आणि तीन आठवड्यांपूर्वी, दोन तासांवरच्या गावच्या बाजारात, एका टेबलाशी तिचे पाय थांबले. टेबलावर फक्त कॅरमेल. गडद तपकिरी, बोटाएवढ्या वड्या, बटर पेपरमध्ये गुंडाळलेल्या. मागे पन्नाशी ओलांडलेली बाई, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या.

"खाऊन बघा. खाल्ल्याशिवाय कौतुक करू नका, मला ते कळतं," बाई म्हणाली.

सुनेने खाल्ली, आणि कौतुक करायचं विसरली.

"कुठल्या दुकानासाठी घेताय?"

सुनेने सांगितलं. बाईचा कागद दुमडणारा हात तसाच राहिला.

"तू कोण त्यांची?"

"थोरल्यांची सून."

"बरं." बाईने कागदाची घडी पुरी केली. "चाखणी होते अजून?"

"होते." आणि मग सुनेला समजलं. जिच्याबद्दल घरात फक्त 'ती' असं बोललं जायचं, ती 'ती' हीच. चौदा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली आत्या.

आत्याने किलोभर वड्या बांधून दिल्या. "पैसे नकोत. आणि चिठ्ठीवर मी कोण ते खरं लिहायचं. लपवणार असशील तर पुडा इथेच ठेव."

सुनेने लिहिलं होतं. हे नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. त्याच्या पोटात बिस्किटं राहतात, गोष्टी राहत नाहीत.

"चला, सुरू करू या," दादा म्हणाले. पांढरा अ‍ॅप्रन, नखं कापलेली, दाढी गुळगुळीत. चाखणीला ते परीक्षेला बसल्यासारखे बसत आणि परीक्षकासारखे बोलत.

चाखणारी चौघं: दादा, वहिनी, वकील आणि चिरंजीव, म्हणजे सुनेचा नवरा. तो एरवी मालाची गाडी चालवतो. सून ताटल्या पुढे करत होती. पहिला मध. वकिलांनी चमचा दोनदा चाटला आणि बदाम एकदाच टाकला. दुसरी अक्रोडाची बिस्किटं. ती वहिनींची हे सगळ्या जगाला ठाऊक असल्याने वहिनी उगीच खिडकीबाहेर बघत राहिल्या.

"जरा कडक आहेत नाही?" वकील म्हणाले.

"दात तपासून घ्या भावजी," खिडकीकडेच बघत वहिनी म्हणाल्या.

चौथ्या ताटलीत कॅरमेल होतं. फिकट, चकचकीत. दादांनी वडी जिभेवर ठेवली आणि लगेच मान हलवली. "नुसती साखर. हे कोणी केलंय त्याने पातेल्याशी उभं राहायला शिकावं आधी. बाजारचा माल!" त्यांचा बदाम पडला नाही. कोणाचाच पडला नाही. सुनेने ताटली मागे ओढली तेव्हा तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. वहिनींनी ते पाहिलं आणि मनात नोंदून ठेवलं.

सातवी ताटली आली, हीही कॅरमेलचीच.

दादांचा जबडा चालता चालता थांबला. आधी कडवटपणाची हलकी किनार, मग लोणी, मग अगदी शेवटी मीठ, निघता निघता दाराशी वळून बघावं तसं. डोळे मिटून ते बसून राहिले. गुरुवारी त्यांनी स्वतः पातेलं चढवलं होतं. संपलास तू, असं वर्षभर त्यांना वाटत होतं. रात्रीच्या अंथरुणात नव्हे, भर सकाळी गिऱ्हाइकासमोर वाटायचं, पुडा बांधताना. आणि हे बघा. हात आहे अजून. बदाम टाकताना त्यांनी तो ठेवला, फेकला नाही.

वकिलांचा पडला. चिरंजीवांचा पडला. वहिनींनी वडी खाल्ली, वर पाणी घेतलं, आणि बदाम टाकताना सुनेकडे सरळ बघितलं. सुनेने मान खाली घातली. झालं, वहिनींना चिठ्ठी उघडायची गरजच उरली नाही.

"आता सगळ्यांना सांगतो," नऊही ताटल्या झाल्यावर दादा उभे राहिले, "सात नंबर माझं आहे. नियम मोडतोय, पण आज एवढं चालेल. आणि तू," वकिलांकडे बोट, "त्या चष्मेवाल्याला कळव, म्हणावं दुसरी जागा बघ."

किती दिवसांनी ते असे उभे होते! चिरंजीवांनी तर टाळी वाजवली.

"बाबा, पाकीट उघडायचंय अजून," सून म्हणाली.

"उघड की. सात आधी वाच."

"आधी बाकीच्या वाचते."

"सात वाच गं!"

तिचं बोट पाकिटात गेलं आणि तिथेच राहिलं. वकिलांनी शांतपणे पाकीट तिच्या हातून घेतलं. कागद वाचायचे तर ते त्यांचंच काम. कोर्टात वाचावं तसं त्यांनी वाचलं, "चार, बाबा. सात, आत्या."

आणि वाचून झाल्यावर त्यांना कळलं काय वाचलं ते.

वकिलांना खरं तर आनंद व्हायला हवा होता. सगळी बाजू त्यांच्याकडे आयती चालून आली होती. थोरल्याने स्वतःच्या तोंडाने स्वतःचा माल 'बाजारचा' ठरवला होता, यापेक्षा भक्कम पुरावा कुठला? पण त्यांच्या डोळ्यांपुढे चौदा वर्षांपूर्वीचा कागद आला. अण्णा गेल्यानंतरचा. डब्याच्या झाकणावर अण्णांचं नाव आणि खाली 'आणि मुलगे' असं छापलेलं असायचं. आपलंही नाव तिथे कुठेतरी यावं, इतकंच ताई म्हणत होती. वीस वर्षं ती पातेल्याशी उभी होती. दादा म्हणाले, अण्णांनी छापलंय ते बदलणार नाही. ती म्हणाली, मग माझं इथे काय काम? आणि हक्क सोडल्याचा कागद तयार केला धाकट्या भावाने, म्हणजे त्यांनीच. "इथे सही केल्यावर मी कोण उरते रे?" तिने विचारलं होतं. त्यावर तो म्हणाला होता, "सही झाल्यावर तुला एक प्रत मिळेल." तेव्हा त्याला ते उत्तर अगदी बरोबर वाटलं होतं.

"माझ्या कारखान्यात," दादांचा आवाज खाली गेला होता, "मला न विचारता, तिचं?"

"चाखायला काय जातं, असं तुम्हीच म्हणाला होतात," सून म्हणाली.

"उलट बोलतेस?"

"सुलटच बोलतेय बाबा. चिठ्ठीवर खोटं लिहिलं असतं तर तुम्ही आज खूश होऊन झोपला असता, आणि आपण चार नंबरचं कॅरमेल चारशे डब्यांत भरलं असतं. मग पुढल्या वर्षी दोनशे."

चिरंजीवांनी बायकोकडे असं पाहिलं की जणू गाडी उलटी जाताना मागे भिंत दिसली.

"काढ सगळं," दादा म्हणाले. "मध, पेअर, न्हाव्याचे अक्रोड, सगळं बाहेरचं काढ. घरचं असेल तेवढंच डब्यात जाईल."

"घरचं म्हणजे माझी बिस्किटं," वहिनी म्हणाल्या. "सहा खणांत बिस्किटं? लोक म्हणतील आजारी माणसाला भेटायला आलेत."

"तू मध्ये पडू नकोस."

"मी चौदा वर्षं पडले नाही. तिथेच चुकलं." वहिनींनी पदराला हात पुसले, ते कोरडेच होते. "अहो, तुमची शीळ पळते."

कोणाला काही समजलं नाही. दादांना समजलं असावं, कारण ते खाली बसले.

कॅरमेल कधी उतरवायचं याला अण्णांकडे घड्याळ नव्हतं. एका जुन्या चालीवर ते शीळ घालायचे. ती सहा वेळा पुरी झाली की पातेलं खाली. मुलांनाही तसंच शिकवलं. थोरला आणि मधली समोरासमोर उभी राहून ढवळत आणि दोघं मिळून शीळ घालत.

"या भिंतीपलीकडे मी बिस्किटं लाटते," वहिनी म्हणाल्या. "पूर्वी तुमची शीळ संपेपर्यंत माझे तीन ट्रे व्हायचे. आता दोनच होतात. पहिली काही वर्षं मला वाटलं, माझेच हात मंदावले. मग एकदा लक्षात आलं. वन्सं होत्या तोवर त्या तुम्हाला धरून ठेवायच्या. एकटे झालात आणि चाल सुटली. वर्षाला थोडी थोडी."

"आणि हे तू आज सांगतेस?"

"तुम्ही विचारलंत कधी? आणि सांगितलं असतं तर ऐकलं असतंत? थर्मामीटरने हवा मोजणारे तुम्ही." मग जरा नरमाईने, "भ्याले मी. त्यांचं नाव काढायलाच भ्याले."

दादा उठले. त्यांनी पातेल्यात साखर ओतली, शेगडी पेटवली. साखर विरघळली तशी शीळ सुरू झाली. सुनेने घड्याळ पाहिलं. सहावी फेरी संपून पातेलं उतरलं तेव्हा ती म्हणाली, "आठ मिनिटं."

"पुन्हा," दादा म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्यांनी मुद्दाम हळू घ्यायचा प्रयत्न केला. चौथ्या फेरीत चालच हरवली. शीळ भलतीकडेच गेली, आणि साखर करपली. धुराने चिरंजीवांनी खिडकी उघडली. दादा उलथनं हातात धरून उभे राहिले. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, आणि आपलीच चाल आठवेना.

"मला नाही येत एकट्याला," ते म्हणाले. कोणाकडेही न बघता म्हणाले, पण ऐकू सगळ्यांना गेलं.

वकिलांनी बॅग मांडीवरून उतरवून जमिनीवर ठेवली आणि खिशातून फोन काढला. नंबर शोधावा लागला नाही. वहिनींनी भुवई उंचावली.

"वर्षातून एकदा करतो," वकील ओशाळून म्हणाले. "तिच्या वाढदिवसाला."

"आणि आम्हाला सांगता, तिचं काही कळत नाही!"

"कोणी विचारलं नाही, वहिनी. या घरात ही पद्धतच आहे की." फोन ओट्यावर ठेवून त्यांनी आवाज मोठा केला.

"बोल रे," पलीकडून आवाज आला. "आज काय काढलंस? वाढदिवस तर झाला."

"मी बोलतोय," दादा म्हणाले.

पलीकडे काहीतरी ढवळल्याचा आवाज.

"मी म्हणजे कोण?"

"…थोरला."

"माझं पातेलं आत्ताच चढलंय. भांडायचं असेल तर बारा मिनिटांनी फोन कर."

"ठेवू नकोस! तुझी आच जरा उतरव, मीपण चढवतो." त्यांनी सुनेला नुसती खूण केली, साखर, नवं पातेलं, आच. सून इतकी चटकन हलली की ताटल्या वाजल्या. "तू शीळ घाल. मी मागून येतो."

पलीकडे हसल्यासारखं झालं, की खोकल्यासारखं, सांगता येत नव्हतं. मग शीळ आली. बारीक, सरळ, कसलीही घाई नसलेली. दादा तिच्यात शिरले. दुसऱ्या फेरीत ते पुढे धावले आणि फोनमधली शीळ थांबली.

"पळू नकोस. गाडी चुकत नाहीये तुझी."

चौथ्या फेरीत पुन्हा तेच. "दादा! श्वास घे आधी."

चौदा वर्षांनी कोणीतरी त्यांना कामात ओरडलं होतं. ते निमूटपणे हळू झाले. भिंतीशी वहिनी उभ्या होत्या, त्यांचा एक हात हवेत अगदी किंचित पुढेमागे होत होता, लाटणं धरल्यासारखा. सहावी फेरी संपली. दोन्हीकडची पातेली एकदमच उतरल्याचा आवाज झाला. बारा मिनिटं, सुनेने पाहिलं. सांगायची गरज नव्हती. रंग दिसत होता.

जमलंय का बघायला थंड पाण्यात टाकलेला थेंब सगळ्यांच्या आधी वकिलांनी उचलून तोंडात टाकला. "वहिनी, बॅगेतल्या कागदांचं काय करू?"

"तुमचे कागद, तुम्ही बघा. आणि चष्मेवाल्याला म्हणावं, सुट्ट्यांत डबा न्यायला ये. रांगेत उभा राहा, पण ये."

"मी ऐकतेय बरं का," फोन म्हणाला. "कसला डबा?"

"आत्या, सात नंबरला चारही बदाम पडले," सून पुढे झाली. "तुमचं कॅरमेल आम्हाला डब्यात हवंय."

"झाकणावर काय आहे?"

सुनेने फोन दादांकडे सरकवला.

"जे होतं तेच," शेवटी दादा म्हणाले.

"मग नको." आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. "माझं टेबल बरं चाललंय. लोक मला माझ्या नावाने ओळखतात."

"ताई," वकील घाईने म्हणाले, "झाकणं अजून छापायला गेली नाहीत. म्हणजे काय छापायचं ते—"

"तुला नाही विचारत. त्याला विचारतेय."

दादांनी ओट्यावरचा सांडलेला साखरेचा कण बोटाने टिपला. काहीही म्हणायच्या आधी या माणसाला काहीतरी पुसायला लागतं, आणि आज पुसायला एवढंच होतं. "अण्णांचं नाव वर," ते म्हणाले. "खाली 'तिघं भावंडं'. आणि तुझ्या खणात तुझी वेगळी चिठ्ठी, तुझ्या नावाची."

वकील हळूच फोनच्या पडद्याकडे वाकले, कट झाला की काय बघायला.

"हे तू म्हणतोयस, की वहिनींनी लिहून दिलंय?"

"मी कशाला लिहून देऊ वन्सं?" वहिनी म्हणाल्या. "मला मेलीला बिस्किटं कडक होतात तेवढंच कळतं." आणि पदरात नाक शिंकरलं.

"रडू नका वहिनी. सून आहे ना तिथे? ए मुली, किती लागतील?"

"चारशे डबे," सून म्हणाली, "खणात सहा वड्या. चोवीसशे."

"सहा आठवड्यांत? माझ्या एकटीच्या शेगडीवर?" आत्याने तोंडाने हिशेब केल्याचं ऐकू आलं. "होणार नाही."

सुनेचा चेहरा उतरला. चिरंजीव म्हणाले, "आत्या, मी गाडी घेऊन—" आणि खिशात किल्ली शोधायला लागले.

"इथे दोन शेगड्या आहेत," दादा म्हणाले. "समोरासमोर. एक बंदच असते."

"माहीत आहे मला. चौदा वर्षं बंद असेल तर बर्नर बुजले असतील."

"उद्या साफ करतो."

"उद्या सोमवार, माझी सुट्टी असते," आत्या म्हणाली. "तशी परवाही असते. मोठं पातेलं आहे अजून?"

"आहे."

"ते माझं."

दादांनी तोंड उघडलं. ते मोठं पातेलं थोरल्याचं, हे अण्णांच्या वेळेपासून ठरलेलं होतं, आणि या घरात त्यावर कधी कोणी बोट ठेवलं नव्हतं. वहिनी, वकील, सून, चिरंजीव, सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बरं," दादा म्हणाले. "पण घासून मी ठेवणार नाही."

"मग तर नक्की येते," फोन म्हणाला. "तुझं घासलेलं मला पुन्हा घासावं लागायचं."